डोकं दुखस

खिडकीला जाळी, जाळीला एक भोक,
हात जाईल एवढंच.
दहा रुपये आत, केसपेपर बाहेर.
चोपड्याच्या सरकारी दवाखान्यात सतरा वर्षं
मी माणसं मनगटावरून ओळखते:
केळीच्या चिकानं काळी पडलेली,
गोंदलेली,
बांगड्या फुटू नयेत म्हणून तिरपी आत येणारी.

नाव? गाव? वय?
काय होतंय?

हाडाचं असेल तर सात नंबर. डोळ्यांचं अकरा.
सापाचं असेल तर विचारायचंच नाही, सरळ आत.
आणि गुरुवारी जळगावहून मनाच्या डॉक्टर येतात,
खोली चौदा, एक्स-रेच्या मागे,
जिथे पूर्वी सलाईनची रिकामी खोकी पडलेली असायची.

चौदा नंबर कुणी मागत नाही.
जाळीशी वाकतात, हळू म्हणतात,
"ताई, डोकं दुखस."
मागे रांगेत अख्खं गाव उभं असतं,
अडावदची मावशी, लासूर गाडीचा कंडक्टर, होणारा व्याही.
"कितला दिन व्हयनात?"
"पोऱ्या सुरतले ग्या तव्हयपासून."
किंवा नुसतंच, "माहीत नही."
मग मी लिहिते, डोकेदुखी,
आणि कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं एक टिंब.
टिंब म्हणजे चौदा.
हे मला ठाऊक आणि शिपाई सुभान तडवीला.
तो नावाचा पुकारा करत नाही.
जवळ जाऊन म्हणतो, चला, पाणी कुठंय ते दाखवतो.

डॉक्टर वेंगुर्ल्याच्या.
नव्या होत्या तेव्हा एकदा मला आत बोलावलं,
ह्या बाई काय म्हणताहेत?
बाई म्हणत होत्या, "मन्हा जीव कथाच लागत नही."
मी म्हटलं, जीव कुठेच लागत नाही म्हणतात.
तेवढं कळलं, डॉक्टर म्हणाल्या, पण म्हणजे काय होतं?

आता कसं सांगू.
तव्यावर कळण्याची भाकर करपत असते,
वास नाकात येतो, आणि हात उचलत नाही, ते.
दारावरून बस जाते,
आणि तिच्यातून कुणीच उतरायचं राहिलेलं नसतं, ते.

डॉक्टरांनी लिहून घेतलं. खाली गोळीचं नाव.
मग पेन ठेवलं आणि बाईंनाच विचारलं,
कळणा म्हणजे काय हो?
बाई पहिल्यांदा वर बघितल्या.
ज्वारी किती, उडीद किती, मीठ दळतानाच का टाकायचं,
सांगत बसल्या, अकरा मिनिटं.
बाहेर माझी खिडकी बंद, रांग शिव्या देत होती.

झवरसिंग बारेला सातपुड्यातल्या पाड्यावरचा.
आधी बडव्याकडे नेला होता, मग इथे,
बायकोनं मनगट धरून आणलेला.
तेव्हाही मी डोकेदुखीच लिहिलं होतं.
सहा आठवड्यांनी एकटा आला.
दाढी केलेली, शर्टाला नवी घडी,
दहाची नोट फळीवर आपटली आणि मोठ्यानं म्हणाला,
"चौदा."

रांग गप्प.
पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला.
मागून कुणी म्हातारी म्हणाली,
"काय रे भाऊ, तठे काय देतस?"
त्यानं मान वळवली, थोडा विचार केला.
"झोप," म्हणाला.

म्हातारी काही बोलली नाही.
तिचा नंबर आला तेव्हा
हात जाळीतून आत आला, नोट घट्ट धरलेली, सोडेचना.
काय होतंय आजी?
"डोकं," ती म्हणाली. "डोकंच लिखी ले."

मार्चअखेर ऑडिटवाले आले.
चष्मा वर करून एकानं गठ्ठा चाळला,
हे कोपऱ्यात काय आहे, टिंब टिंब?
मी म्हटलं, माश्या बसतात साहेब.
उन्हाळ्यात फार माश्या होतात इकडे.
त्यानं तारखा बघितल्या. पुन्हा बघितल्या.
म्हणाला,
फक्त गुरुवारी?